फारसीपासून सामान्य गणितापर्यंत

दहावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात मुले बापाला नाहीतर चुलत्याला सोबत घेऊन उभी राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, 'सर, कोणती साईड घ्यावी?' बीड जिल्ह्यात शाखेला साईड म्हणतात. आर्ट साईड, सायन्स साईड. बाप बहुधा उसाच्या फडावरून उन्हाळ्यात परतलेला असतो. उचल फिटली की अंगावर राहिली, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि मुलाने पुढे काय शिकायचे याचा हिशेब तो आमच्यासारख्यांच्या तोंडून ऐकायला आलेला असतो. मी मराठी शिकवतो. तरी मला वाटते, या प्रश्नाचा संबंध आपल्या साहित्याशी आणि त्याहून अधिक आपल्या समीक्षेशी आहे.

दलित आत्मकथनांनी शाळेचे दार जितक्या ताकदीने उभे केले तितके मराठीत दुसऱ्या कोणत्याही लेखनाने केलेले नाही. दाराबाहेरचे बसणे, पाण्याची घागर, हजेरीतले आडनाव, मास्तराची लांबून फेकलेली छडी हे सारे आता वाचकाच्या परिचयाचे झाले आहे. परंतु दाराच्या आत गेल्यावर कोणता विषय मिळाला, कोणता नाकारला गेला आणि त्या नकाराची किंमत पुढे किती वर्षे मोजावी लागली, याकडे आपण समीक्षक म्हणून पुरेसे पाहिलेले नाही. वेदना, विद्रोह, नकार या तीन शब्दांवर आपण इतकी वर्षे काम भागवले की नकाराचा एक साधा, शालेय अर्थही असू शकतो हे सुटून गेले.

त्याचे पहिले उदाहरण बाबासाहेबांचेच आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायची होती. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. 1907 साली ते मॅट्रिक झाले. ही हकिगत आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, टाळ्या पडतात, आणि तिथेच ती संपते. ती तिथे संपत नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1946 साली, शूद्र मूळचे कोण होते याचा शोध घेणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही ही उणीव त्यांना कबूल करावी लागली. भाषांतरे उपलब्ध असताना या क्षेत्रात काम करायला ती उणीव आड येण्याचे कारण नाही, असेही त्यांनी तिथेच ठणकावले. आता जरा नीट पाहावे. ज्याला वर्गात संस्कृत शिकू दिले नाही, त्यालाच पुढे 'तुम्हाला संस्कृत येते का?' असे विचारण्याचा अधिकार त्याच व्यवस्थेने स्वतःकडे ठेवला होता. शाळेतला एक विषय नाकारणे म्हणजे चाळीस वर्षांनंतरच्या वादातली एक बाजू आधीच दुबळी करून ठेवणे. बाबासाहेबांनी ती दुबळी राहू दिली नाही, हा त्यांचा पराक्रम. प्रत्येक मुलाकडून आपण तो पराक्रम मागू शकत नाही.

दुसरे उदाहरण कुमुद पावडे यांचे. 'अंतःस्फोट' हे त्यांचे पुस्तक 1981 साली आले. त्यातला त्यांच्या संस्कृतचा लेख मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो. त्यांना संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजी भेटले, त्या नागपूरला एम.ए. झाल्या. म्हणजे बाबासाहेबांना बंद असलेला विषय अर्ध्या शतकात उघडला. पण पदवी हाती आल्यावर नोकरी उघडली नाही. आंतरजातीय विवाह झाला, आडनाव बदलले आणि मग नोकरी मिळाली, असे त्या लिहितात. हे वाचताना माझ्या वर्गातल्या मुली हमखास खाली पाहतात. विषयाचे दार आणि विषयातून बाहेर पडण्याचे दार ही दोन वेगळी दारे आहेत, हे त्या लेखाइतके स्पष्ट मला कुठे वाचायला मिळाले नाही. आपण मात्र तो लेख 'दलित स्त्रीचे दुहेरी शोषण' या मथळ्याखाली टाकून मोकळे झालो.

उलट 'बलुतं' (1978) किंवा 'अक्करमाशी' (1984) वाचल्यावर नायकाने कोणते विषय घेतले होते हे वाचकाच्या ध्यानात राहत नाही. दया पवारांच्या बाबतीत मॅट्रिकनंतरची मुंबईतली पशुवैद्यकीय महाविद्यालयातली नोकरी लक्षात राहते, लिंबाळ्यांच्या बाबतीत टेलिफोन ऑपरेटरची. घरात चूल पेटवणारा पगार समोर असताना शाखेची चर्चा ही चैन होती. त्या पिढीला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण माझी पिढी ही तिसरी आहे, आणि आमच्यापुढे निवड असल्याचे सांगितले जाते. ती निवड कशी होती ते सांगितले पाहिजे.

मी शिकत होतो तेव्हा बीजगणित आणि भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची सोय होती. पुढे ती बंद झाली. सामान्य गणित घेतले की पास होणे सोपे जाई, पण अकरावीला विज्ञानाचा रस्ता बंद होई. नववीला आमच्या शाळेत एक यादी वाचून दाखवण्यात आली. ज्यांचे आईबाप टोळीवर जातात त्यांची नावे त्या यादीत होती. दिवाळीनंतर ही मुले गैरहजर राहणार, गणितात नापास होणार आणि शाळेचा निकाल पडणार, असा तो हिशेब. यादीत आमच्या वस्तीची बहुतेक मुले होती, आणि तांड्यावरची. सरांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हातही ठेवला होता. बा अंगठा उठवताना म्हणाला, 'सर म्हन्तेत तर घे सोपं. नापास झालास तर मग कोयता हायेच.' कोयत्याच्या भीतीने मी सामान्य गणित घेतले. पुढे आर्ट साईड, मग मराठी, एम.ए., सेट. आज तिशी ओलांडून मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मराठीवर माझे प्रेम आहे, ते मी कुणाला सिद्ध करून दाखवणार नाही. पण ते प्रेम मी निवडले की ते माझ्या वाट्याला आले, हे मला आजही सांगता येत नाही.

फारसी आणि सामान्य गणित यांत फरक इतकाच की बाबासाहेबांना नकार तोंडावर दिला गेला, मला तो सोय म्हणून दिला गेला. नकार ओळखता येतो आणि त्याच्याशी भांडताही येते. सोयीचे आपण आभार मानतो. माझ्या बाने त्या सरांना दिवाळीला बोलावले होते.

आपल्या चळवळीनेही इथे थोडे आत्मपरीक्षण करावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. नागसेनवनात कलेबरोबर विज्ञान, वाणिज्य, कायदा अशी स्वतंत्र महाविद्यालये उभी राहिली. म्हणजे प्रयोगशाळेची गरज मराठवाड्यात आपल्या माणसांना तेव्हाच कळली होती. मिलिंदने आपल्याला लेखक दिले, प्राध्यापक दिले, आणि त्याचा अभिमान आपण बाळगतो. पण त्या अभिमानात एक समजूत हळूच घट्ट झाली, की आपला मुलगा म्हणजे आर्ट साईड, आणि त्यापुढे मास्तरकी किंवा स्पर्धा परीक्षा. मग डी.एड.ची लाट आली. बारावी झाली की डी.एड., दोन वर्षांत मास्तर, हे गणित गावोगाव पाठ झाले. 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, भरती वर्षानुवर्षे अडली, आणि पदविका ट्रंकेत पडून राहिल्या. आता तीच मुले कुणी पोलीस भरतीला पळतात, कुणी लोकसेवा आयोगाच्या अभ्यासिकेत बसतात. काही जण पुन्हा टोळीबरोबर गेले. त्यांच्यावर कथा लिहिली गेली की 'सुशिक्षित बेकाराची व्यथा' असे आपण म्हणतो. व्यथा कोणत्या वर्गात, कोणत्या यादीपासून सुरू झाली, हे कथाकारही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडण्याची भाषा आहे. ती वाचायला बरी वाटते. पण ज्या तालुक्याच्या गावात कनिष्ठ महाविद्यालयात एकच शाखा नीट चालते, तिथे पाडायला भिंत कुठे आहे? बाजारात एकच दुकान असले की गिऱ्हाईकाला आवडनिवड नसते. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेला बसायचे तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे, अभियांत्रिकीला गणित हवे. अकरावीच्या अर्जावरची ती खूण दोन वर्षांनी पुसता येत नाही. शिवाय व्यावसायिक प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. आजोबांच्या शाळेचा दाखला त्यासाठी शोधावा लागतो आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. हे सारे ज्यांच्या घरात कुणी शिकलेले असते त्यांना आठवीतच ठाऊक असते. आमच्याकडे ते बारावीनंतर कळते. माहितीलाही जात असते, असे मी म्हटले तर काहींना ते अतिशयोक्त वाटेल. त्यांनी एकदा आमच्या व्हरांड्यात येऊन उभे राहावे.

2025 पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. त्या जूनमध्ये धारूरकडची एक मुलगी मायसोबत आली होती. गणितात तिला चांगले गुण होते. फडावर न जाता आजीजवळ राहून शिकलेली. दहा पसंती भरता येत होत्या. तिने पहिली पसंती आमचे महाविद्यालय, कला शाखा, अशी भरून आणली होती. का, असे विचारले तर म्हणाली, 'सर, गाडीला पैसे लागत नाहीत ना.' मी तिला स्वाधार योजनेची माहिती दिली, वसतिगृहाचा अर्ज दाखवला, अंबाजोगाई आणि लातूरची नावे सांगितली. माय ऐकत होती. शेवटी तिने विचारले, 'सायन्सला गेली अन् नाही जमलं, तर मागारी येता येतंय का?'

विज्ञानातून कलेकडे येता येते, कलेतून विज्ञानाकडे जाता येत नाही, असे मी सांगितले. हे मला नववीत कुणी सांगितले नव्हते. मायलेकी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग मुलीने मोबाईल काढला आणि पहिली पसंती खोडण्याचे बटण कुठे आहे ते मला विचारले. मलाही ते सापडायला वेळ लागला.