लॅक्स्टनचा नकाशा (१६३५) : मालकी आणि सामूहिकता

भूमापनाचा नकाशा हा मालकाच्या दृष्टीचा दस्तऐवज असतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन गावाचा, मार्क पियर्स याने १६३५ मध्ये हाताने रेखाटलेला नकाशा या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केलेला आहे. ही जहागीर लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टेन याची होती. त्याच्याच पुढाकारातून निघालेली जहाजे १६३६ मध्ये गोव्यास पोहोचली. दूरच्या मालकाला आपली मालमत्ता एका दृष्टिक्षेपात दिसावी, हे या नकाशाचे प्रयोजन असावे.

विस्तीर्ण खुल्या शेतांतील अरुंद पट्टे त्यात एकेक करून दाखविले आहेत. सोबतच्या नोंदवहीत खातेदारांची नावे आहेत. नांगरणी करणारी माणसे मात्र शिकारीच्या दृश्यांप्रमाणेच निनावी चित्रे म्हणून येतात. श्रम येथे केवळ अलंकरण ठरतात. शिवाय कोणते शेत पडीक ठेवावे, गुरे केव्हा सोडावीत, हे सामूहिक नियम रेषांत उमटत नाहीत. त्यांचे पालन कोर्ट लीट ही जहागिरीची न्यायसभा करवून घेत असे. लॅक्स्टनमध्ये ही सभा व खुली शेती आजही अंशतः टिकून आहे. तात्पर्य, नकाशाने पट्ट्यांत विभागलेली ही जमीन प्रत्यक्षात सामूहिक नियमांनी बांधलेली होती. केवळ नकाशावरून ग्रामव्यवस्थेचे अनुमान करणे अपुरे ठरते.