लाल मोज्यांचं तपकिरी चित्र

सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या बेसबॉल संघाचं 1869चं छायाचित्र पाहताना आधी लाल रंग शोधला जातो, आणि तो सापडत नाही. गुडघ्याखाली आखूड पँट संपते, तिथून गडद मोजे सुरू होतात. त्या काळी छायाचित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या कलोडियन लेपाच्या काचेवर निळा प्रकाश उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. ज्या रंगाने संघाला नाव दिलं तोच इथे काळपट झाला आहे. मला हे या चित्राचं वैगुण्य वाटत नाही. रंग गेल्यामुळे नजर माणसांकडे वळते.

छातीवर ‘सी’ अक्षर, हातांत हातमोजे नाहीत. कॅचर डग ॲलिसन उघड्या हातांनी चेंडू झेलत असे. त्याने कातडी हातमोजा घातल्याची नोंद 1870ची आहे. दाढीवाला हॅरी राइट संघाचा कर्णधार. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जन्म, बाप व्यावसायिक क्रिकेटपटू, आणि हॅरी सिनसिनाटीत आला तोही तिथल्या क्रिकेट क्लबच्या नोकरीवर. धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप. मोसमाचा त्याचा पगार 1,400 डॉलर, हॅरीचा 1,200. उघडपणे सगळ्यांनाच पगार देणारा हा पहिला संघ. चेहऱ्यांवर खेळगड्यांचा उत्साह दिसत नाही, कामाला लागलेल्या माणसांचं गांभीर्य दिसतं. त्या वर्षी ते एकही सामना हरले नाहीत. 14 जून 1870 रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने अकराव्या डावात त्यांना 8-7 असं हरवलं, तेव्हा ती न हरण्याची मालिका तुटली.

हे चित्र न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या क्रीडासाहित्याच्या दुकानाने जाहिरातीसाठी वाटलं. अल्ब्युमिनचा पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागे दुकानाची जाहिरात. जपून ठेवायची वस्तू म्हणून ते कुणी केलं नव्हतं, म्हणूनच आज त्याच्या इतक्या थोड्या प्रती उरल्या आहेत.

या खेळाडूंच्या सह्या मिळणं याहून कठीण. तेव्हा खेळाडूपुढे वही धरून सही मागायची रीत रुळलेली नव्हती. जॉर्ज 1937पर्यंत जगला, बोस्टनमध्ये त्याचं खेळसाहित्याचं दुकान होतं, त्याची सही मिळू शकते. पिचर एसा ब्रेनर्ड 1888 मध्ये गेला. त्याच्या हाताची रेघ शोधणं जवळपास अशक्य. इतर अनेकांच्या सह्या सापडतात त्या व्यवहाराच्या कागदांवर: कुणी हॅरीला संघात जागा मागणारं पत्र लिहिलं, कुणी सामन्याची तारीख ठरवली. छायाचित्रात ते आपण खेळाडू आहोत हे जाणून बसले आहेत, तर पत्रात पोटापाण्याची चिंता खाली नाव लिहून जाते. मला दुसरं अधिक जवळचं वाटतं.

हॅरीने ही पत्रं जपली. बेसबॉलपटू आणि खेळसाहित्याचे व्यापारी स्पॉल्डिंग यांच्या संग्रहाबरोबर ती 1921 मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आली, आणि पुढे त्यांतली बरीच तिथून चोरीला गेली. म्हणून या काळातली एखादी सही विक्रीला आली, की अक्षर खरं आहे का, एवढं विचारून भागत नाही. ती कुणाला लिहिलेल्या पत्रावर आहे, आणि ते पत्र त्या लायब्ररीतून तर बाहेर आलेलं नाही ना, हेही विचारावं लागतं.