बॅले हिस्पानिको : नाव आणि नाच

न्यूयॉर्कमध्ये आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर, एकोणिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला, ‘जॉइस’ नावाचे एक आटोपशीर नाट्यगृह आहे. मूळचे हे सिनेमागृह. १९८२ पासून ते नृत्यासाठी राखून ठेवलेले आहे. खुर्च्या पाचशेच्याही आत. त्यामुळे नर्तकाची धाप मागच्या रांगेपर्यंत पोचते, आणि नृत्य म्हणजे घाम गाळण्याचे काम आहे याचा विसर पडत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये मी तेथे बसलो होतो. मागच्या रांगेतल्या एक बाई ज्या नृत्यसंघाला ‘हिस्पॅनिको’ म्हणत होत्या, त्यालाच पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ ‘इस्पानिको’ म्हणत होते. स्पॅनिश भाषेत ‘एच्’ हे अक्षर लिहितात, उच्चारीत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्याला ते उच्चारल्यावाचून राहवत नाही. पडदा वर जाण्यापूर्वीच नावावरून असे दोन तट पडलेले पाहून मला गंमत वाटली. पुढे लक्षात आले की या संघाच्या सगळ्या कामाचे मर्म त्या पहिल्या अक्षराशीच गुंतलेले आहे.

संघ टीना रामिरेझ या बाईंनी १९७० साली काढला. त्या जन्मल्या व्हेनेझुएलातल्या काराकास शहरी. वडील मेक्सिकोचे, बैलांशी झुंजणारे. आई पोर्तो रिकोची. वाढल्या न्यूयॉर्कमध्ये. स्पॅनिश नृत्य त्या लोला ब्राव्हो यांच्याकडे शिकल्या, बॅले अलेक्झांड्रा दानिलोव्हांकडे, आणि आधुनिक नृत्य अ‍ॅना सोकोलोव्ह यांच्याकडे. या तीन गुरूंची नावे मी मुद्दाम देतो, कारण संघाच्या नर्तकांच्या अंगात आजही ही तीन घराणी एकत्र नांदताना दिसतात. पाय बॅलेचे, पाठ आधुनिक, आणि मनगट अंदालुसियाचे. १९६३ साली रामिरेझबाईंनी आपल्या गुरूचा नृत्यवर्ग चालवावयास घेतला, गरीब वस्त्यांतली मुले त्यात आणली, आणि त्या मुलांतूनच पुढे संघ उभा राहिला. मॅनहॅटनच्या एकोणनव्वदाव्या रस्त्यावर जुन्या घोडागाड्यांच्या एका कोठारात आता त्यांची शाळा भरते. २००९ साली त्या निवृत्त झाल्या आणि २०२२ साली वारल्या. आता सूत्रे एदुआर्दो व्हिलारो यांच्याकडे आहेत. हे क्यूबात जन्मलेले, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेले, आणि याच संघात नाचलेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकेच्या शिरगणतीत ‘तुम्ही हिस्पॅनिक आहात काय’ हा प्रश्न सरसकट सर्वांना विचारला गेला तो १९८० साली. रामिरेझबाईंनी आपल्या संघाला नाव दिले त्यानंतर दहा वर्षांनी! पोर्तो रिकन, क्यूबन, डोमिनिकन, मेक्सिकन अशा माणसांना एका पोत्यात घालण्याचा सरकारी उद्योग पुढचा. बाईंनी मात्र ते नाव आपण होऊन, अभिमानाने घेतले होते. परंतु एकदा नाव लागले की ते आपल्यापुरते राहत नाही. प्रेक्षक त्या नावाचा माल मागू लागतो. आणि हा माल कोणता, हे न्यूयॉर्कला आधीपासून ठाऊक होते. ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे संगीत नाटक १९५७ साली रंगमंचावर आले आणि १९६१ साली त्याचा चित्रपट झाला. त्यातली पोर्तो रिकन नायिका रंगविली नाताली वुडने, जी रशियन कुळातली. आणि रीटा मोरेनो ही खरोखरच पोर्तो रिकोत जन्मलेली नटी, तिच्या चेहऱ्यावर मात्र गडद रंग थापण्यात आला. चाकू, उडते झगे आणि संताप, एवढ्यात एक अख्खा समाज बसवून टाकला गेला. त्याला संघाने २०१९ साली ‘तिबुरोनेस’ या रचनेतून उत्तर दिले, ते ठीकच झाले. पण खरे उत्तर अशा थेट प्रत्युत्तरात सापडत नाही असे माझे मत आहे.

आनाबेल लोपेझ ओचोआ यांची ‘लिनेआ रेक्ता’, म्हणजे सरळ रेघ, ही २०१६ ची रचना पाहा. या नृत्यरचनाकार बाईंचे वडील कोलंबियाचे, आई बेल्जियमची. एक स्त्री लांबलचक लाल झालरींचा घोळ मागे सोडून उभी आहे. फ्लामेंकोचा तो ‘बाता दे कोला’, म्हणजे शेपटीचा झगा. हाती पंखाही आहे. आता टाचा वाजणार, असे म्हणून आपण सावरून बसतो. टाचा वाजत नाहीत. फ्लामेंकोत स्त्रीपुरुष एकमेकांना जवळजवळ स्पर्श करीत नाहीत. सगळा डाव मधल्या अंतराचा. लोपेझ ओचोआ यांनी नेमके तेच अंतर काढून घेतले आहे. मान आणि मनगट फ्लामेंकोचे ठेवून शरीरे एकमेकांवर टेकविली, उचलली, ओढली आहेत. कल्पना हुशारीची आहे. पहिल्या दहा मिनिटांत ती फुलतेही. पुढे मात्र मला एक चुटपुट लागून राहिली. स्पर्श आला तेव्हा ताण गेला. अंतरामुळे जे धगधगत होते ते जवळ आल्यावर नुसतेच सुंदर झाले. या बाईंचीच ‘सोंब्रेरीसिमो’ (२०१३) मला अधिक सरस वाटते. सहा नर्तक आणि काळ्या गोल टोप्या, त्याही मेक्सिकोच्या नव्हेत, मागरित या बेल्जियन चित्रकाराच्या चित्रातल्या. टोपी या डोक्यावरून त्या डोक्यावर जाते, उडते, झेलली जाते, आणि ती कोणाची हा प्रश्न हळूहळू निरर्थक होऊन जातो. खेळकरपणे केलेली ही थट्टा फार खोल जाते.

पण २०१७ सालच्या त्या एप्रिलात मी जे पाहिले ते याहून वेगळे होते. ‘कोन ब्रासोस आब्येर्तोस’, उघड्या बाहूंनी. रचना मिशेल मान्सानालेस यांची. या टेक्ससच्या, मेक्सिकन वंशाच्या. मोठ्या काठाच्या मेक्सिकन टोप्या येथेही आहेत; पण नर्तक त्या डोक्यावर मिरवीत नाहीत, तोंडासमोर धरतात. टोपीला पाय फुटलेत आणि माणूस नाहीसा झाला आहे, असे दृश्य. ध्वनिमुद्रिकेतून मेक्सिकन अमेरिकनांवरचे जुने विनोद ऐकू येतात आणि सभागृह हसते. मग ते हसणे विरते, कारण रंगमंचावरचे कोणीच हसत नसते. हुलिओ इग्लेसियासच्या गोड, अगदी पाकात घोळलेल्या गळ्याचा उपयोगही त्यांनी असाच केला आहे. हे गाणे टाकाऊ म्हणून हसावे, की आईच्या स्वयंपाकघरातले म्हणून रडावे, याचा निर्णय त्या करीत नाहीत. हा अनिर्णय प्रामाणिक आहे. आणि शेवटी येतात ते पांढरे घागरे. मेक्सिकोच्या लोकनृत्यातले, प्रचंड घेराचे. स्त्रियांनीही नेसलेले आणि पुरुषांनीही. कोणी कोणाला मोहवीत नाही, कोणी प्रेक्षकाकडे डोळा घालीत नाही. गिरकी घेताना घेर वर येतो, वर येतो, आणि क्षणभर रंगमंचावर नुसते पांढरे भोवरे उरतात. तोच घागरा पर्यटकांच्या मेजवानीत पाहिला असता तर मी कंटाळलो असतो. येथे तो ज्याचा त्याला परत मिळाल्यासारखा वाटला.

माझ्या शेजारी भाचीची तेरा वर्षांची मुलगी बसली होती. ती न्यू जर्सीत जन्मली आणि वाढली. दरवर्षी गणपतीत तिथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तिला नऊवारी नेसवून कोळीगीतावर नाचवतात. एका वर्षी तिने आईला विचारले होते, “आपण कोळी आहोत का?” आईने सांगितले, नाही. “मग?” या ‘मग’चे उत्तर घरात कोणापाशी नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझ्यापाशीही नव्हते. कोळ्यांचा नाच कोळीवाड्यात असतो तेव्हा त्यामागे समुद्र असतो, होडी असते, नारळी पौर्णिमा असते. समुद्र ओलांडून गेल्यावर त्याचे ‘मराठी’ नावाचे लेबल होते आणि ते कोणत्याही पोरीच्या कमरेला बांधता येते. उदयशंकर १९३२ च्या अखेरीस न्यूयॉर्कला नाचले तेव्हा लोकांनी ‘पूर्वेला’ टाळ्या वाजविल्या. त्यांच्या रचनेतला युरोप किती जणांना दिसला असेल कोण जाणे. घागरे फिरू लागले तेव्हा ती मुलगी खुर्चीत पुढे सरकून बसली होती. मध्यंतरात ती एवढेच म्हणाली, “मामाआजोबा, मुलग्यांना पण घातलेत.”

पाच वर्षांनी, २०२२ च्या एप्रिलमध्ये, हाच संघ पंचावन्नाव्या रस्त्यावरच्या सिटी सेंटरमध्ये पाहिला. दोन हजारांवर प्रेक्षक बसतील असे ते घुमटाचे नाट्यगृह. रचना पुन्हा लोपेझ ओचोआ यांची, पूर्ण लांबीची : ‘दोन्या पेरोन’. एव्हा पेरोनचे चरित्र कोणाही कलावंताला भुरळ घालील असे आहे. अनौरस मुलगी, नभोवाणीवरची नटी, राष्ट्राध्यक्षाची पत्नी. १९४७ साली अर्जेंटिनातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला त्यामागे तिचा जोर. १९५२ साली तेहतिसाव्या वर्षी मृत्यू. तिची कहाणी जगाला ठाऊक झाली ती बहुतांशी दोन इंग्रजांच्या संगीत नाटकामुळे. ती त्यांच्याकडून परत घेण्याचा हा प्रयत्न होता, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने गेलो. दांदारा व्हेगा हिने एव्हा उभी केली ती ताठ कण्याने. मृत्यू जवळ येऊ लागल्यावर तो कणा जसा एकेक मणक्याने सुटत गेला, ते विसरणे कठीण आहे. कामगारांच्या समूहाचे प्रवेशही दमदार होते. तरीही एकंदर रचना घाईची वाटली. चरित्रात प्रसंग फार, आणि नृत्याला ‘नंतर’ हा शब्द उच्चारता येत नाही. एक प्रसंग अंगात मुरतो न मुरतो तोच दुसरा दारात उभा. शिवाय ती स्त्री संत होती की नटवी, हा वाद अर्जेंटिनात अजून मिटलेला नाही. रचनेने दोन्ही बाजूंना नमस्कार केला आणि ती पुढे निघून गेली. मान्सानालेसबाईंचा अनिर्णय आतून आलेला होता. हा शिष्टाचाराचा होता. प्रेक्षक मात्र उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

संघावर एक आक्षेप नेहमी घेता येईल. एकीकडे हे प्रयोग, आणि दुसरीकडे ‘क्लब हवाना’सारखी रचना. पेद्रो रुईझ यांची ही २००० सालची. माम्बो, चाचाचा, सिगार, झगमगाट, म्हणजे ज्याला उत्तर द्यावयाचे त्याचीच उजळणी! व्हिलारो अशा रचनांना निवृत्त का करीत नाहीत? पैशासाठी, हे एक उत्तर आहेच. नृत्यसंघ नुसत्या विचारांवर चालत नाही. पण रुईझ स्वतः क्यूबाचे. जे हवाना गमावले त्याची आठवण त्यांनी कशा रंगात ठेवावी, हे सांगणारा मी कोण? आणि कबुलीच द्यावयाची तर, ‘क्लब हवाना’ सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत मीही पायाने ताल धरला होता, आणि तो धरताना ते हवाना खरे की खोटे हा प्रश्न मला पडला नव्हता. घरी परतताना आगगाडीत तो पडला. भाचीची मुलगी शेजारीच होती. ती आता मोठी झाली आहे आणि गणपतीत नाचत नाही. तिला विचारले, तर तिने खिडकीबाहेर पाहत ‘हिस्पानिको’चा उच्चार दोन्ही तऱ्हांनी करून पाहिला, आणि यातला बरोबर कोणता असे उलट मलाच विचारले.