दानवीर कोणास म्हणावे?

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या संपत्तीविषयक निबंधाचा (१८८९) मथितार्थ असा की, अधिक धन ही समाजाची ठेव असून धनिकाने ती हयातीतच समाजकार्यी लावावी. हा उपदेश त्यांनी आचरिलाही. त्यांच्या देणग्यांतून अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, हे निःसंशय स्तुत्य होय.

परंतु हेच धन मजुरीरूपाने थोडेथोडे वाटले असते तर ते व्यर्थ गेले असते, असेही निबंधकार सुचवितात. आमचा मतभेद येथेच आहे. १८९२ साली त्यांच्या होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीकपातीस विरोध करणाऱ्या कामगारांवर भाडोत्री सशस्त्र शिपाई धाडण्यात आले. उभयपक्षी माणसे मेली, कामगारसंघ मोडला. मालक त्या वेळी स्कॉटलंडात होते. १८९८ साली तेथील कामगारांसाठी ग्रंथालय उघडले. पण बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्याने वाचावे केव्हा?

कर्णास आपण दानवीर म्हणतो, ते त्याने स्वतःच्या अंगावरची कवचकुंडले दिली म्हणून. दुसऱ्याचे कवच उतरवून केलेले दान उपयुक्त असेल, त्याबद्दल आम्ही आभारही मानू. वीरपद मात्र देणार नाही.