‘सेंटिमेंटल’ म्हणजे काय?

डोळ्यांत पाणी आणणारे पुस्तक दिसले, की ‘सेंटिमेंटल आहे झाले!’ असे म्हणून ते बाजूला सारणारे टीकाकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. या एका शब्दाने पुस्तकाचा निकाल लागतो. पुरावा कोणी मागत नाही. म्हणून हा शब्दच एकदा पारखून घ्यावा असे मला वाटते.

गंमत अशी, की हा शब्द जन्माने शिवी नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात तो नवा होता व कौतुकाने वापरला जाई. परक्याच्या दुःखाने ज्याचे मन हलते तो सेंटिमेंटल. लॉरेन्स स्टर्नने १७६८ साली आपल्या प्रवासकथेला ‘सेंटिमेंटल जर्नी’ हे नाव दिले ते याच अर्थाने. बोडेने ती जर्मन भाषेत नेली, तेव्हा प्रतिशब्दाची अडचण पडली. लेसिंगने ‘एम्पफिंडझाम’ हा शब्द सुचवला आणि तो तिकडे रुजला. पुढे मात्र अश्रूंचे पीक उदंड आले, खोटे अश्रूही खऱ्याच्या भावाने विकले जाऊ लागले, आणि शब्दाची पत उतरली. कारणाच्या मानाने भावना फार, हा त्याचा आजचा अर्थ.

आपली मराठी येथे अधिक चोखंदळ आहे. हळवा माणूस चटकन दुखावतो, पण त्याचे दुःख खरे असते. भाबडा चटकन विश्वास ठेवतो. भावविवश मात्र भावनेच्या आहारी जातो. पहिले दोन स्वभाव; लेखनातला दोष म्हणावा तर तो तिसरा. इंग्रजी शब्दाच्या एकाच पोत्यात हे तिन्ही कोंबले, की टीकाकाराला निवडीचे कष्ट उरत नाहीत.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर हा शिक्का वारंवार बसला आहे. पण पोहायच्या भीतीने माळ्यावर लपलेल्या श्यामला शिंपटीने बडवून विहिरीकडे पिटाळणारी ती आई पाहा. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून ती हात उगारते. तिच्या मायेला कारण आहे, आणि धाकही. हे लेखन हळवे खरे, भावविवश नव्हे. उलट, गोष्ट ऐकून श्रोत्यांचेही डोळे भरून आले असे लेखक सांगू लागतो, तेथे वाचकाचे काम तो स्वतःच उरकतो. तेवढ्यापुरता आक्षेप मला मान्य आहे.

म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि पानागणिक निवाडा करावा लागतो. या सुट्टीत घरात कोणी वाचता वाचता डोळे पुसले, तर हसू नका. कोणत्या ओळीपाशी पाणी आले, एवढे विचारा. ती ओळ दोघांनी मिळून पुन्हा वाचा. अश्रू प्रसंगातून आला की लेखकाच्या आग्रहातून, हे तेथे कळेल. आणि मग त्याला नाव द्यायला मराठी शब्द पुरेल.