ऑनलाइन खेळांतील तत्काळ बक्षीस आणि श्रमाचे फळ : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :

आजच्या तरुण पिढीला सर्व काही लगेच हवे असते, तिच्या अंगी धीर उरलेला नाही, अशी तक्रार शिक्षक व पालक या दोन्ही वर्गांकडून वारंवार ऐकू येते. या तक्रारीत मोबाईलवरील ऑनलाइन खेळ हे प्रमुख आरोपी असतात. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे डोंगराळ तालुकेही यास अपवाद नाहीत. परंतु ‘तत्काळ सुख वाईट आणि प्रतीक्षा चांगली’ अशी सरळ विभागणी या प्रश्नाच्या आकलनास पुरेशी नाही. प्रतीक्षा कोणी निर्माण केली आणि तिच्या अखेरीस काय हाती येते, या दोन कसोट्यांवर खेळातील बक्षिसाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळातील प्रतीक्षा :

२०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा खेळ बाजारात येताना मोठा वाद झाला. त्यातील डार्थ व्हेडर हे पात्र खेळावयास मिळण्यासाठी खेळाडूस ६०,००० गुण साठवावे लागत. एवढे गुण मिळविण्यास सुमारे ४० तास लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. कष्टाने मिळविल्याचा अभिमान वाटावा, हा यामागील हेतू असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. तथापि पैसे देऊन घेतलेल्या पेट्यांतून मिळणारा लाभ हीच वाट आखूड करीत असे. टीकेनंतर ही अट १५,००० गुणांवर आणण्यात आली आणि पैशाची खरेदी काही काळ थांबविण्यात आली.

या उदाहरणात प्रतीक्षा ही कष्टाची स्वाभाविक परिणती नव्हती. विक्रेत्याने ती मुद्दाम निर्माण केली होती आणि तिच्यातून होणारी सुटकाही तोच विकत होता. पेटीत काय निघेल हे अनिश्चित असल्याने खेळाडू पुन्हा पुन्हा पेटी उघडत राहतो. बक्षीस अनियमित अंतराने मिळाल्यास कृती अधिक चिवटपणे चालू राहते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतून पूर्वीच दिसून आले होते. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मात्र पैशाचा डाव नसलेल्या खेळातही प्रतीक्षेचा हा व्यापार चालू शकतो, हे ध्यानात घ्यावे लागेल.

याचा अर्थ सर्वच खेळ त्याज्य आहेत असा नव्हे. ऑनलाइन बुद्धिबळात सरावाने आलेले कौशल्य हे तालमीतील मेहनतीइतकेच कमावलेले असते, कारण खेळ बंद केल्यावरही ते खेळाडूजवळ राहते.

शेतातील प्रतीक्षा :

या परिसरातील भातशेती याहून भिन्न प्रतीक्षा दाखविते. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, पावसाच्या तोंडावर रोपे टाकावयाची, खाचरात चिखलणी करून लावणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कापणी करावयाची, असा हा क्रम आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात विकसित झालेला इंद्रायणी वाण तयार होण्यास सुमारे साडेचार महिने घेतो. हा काळ कोणी विक्रीसाठी वाढविलेला नाही. तो पिकाचा स्वतःचा काळ आहे. त्या काळात जमीन, पाणी व माणूस यांच्यात प्रत्यक्ष बदल घडतो.

तोरणा आणि राजगड या किल्ल्यांची परंपरागत कथाही येथे विचारात घेण्याजोगी आहे. तोरण्याच्या डागडुजीत अवचित धन सापडले आणि शिवाजी महाराजांनी ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्यास लावले, असे सांगितले जाते. धन क्षणात सापडले असेल. परंतु पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि बालेकिल्ला क्षणात उभे राहिले नाहीत. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी असलेल्या या गडाचा जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये समावेश झाला. अवचित लाभ हा स्वतः दोषास्पद नसून त्याचे पुढे काय केले जाते हे निर्णायक ठरते, असा या कथेचा अर्थ लावता येईल.

विश्वासाचा प्रश्न :

येथे एक आक्षेप संभवतो. कष्टाचे फळ नेहमी कष्ट करणाऱ्यासच मिळते काय? अवकाळी पावसात उभे भात आडवे होते आणि बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. भोर तालुक्यातील भाटघर धरणाखाली येथील जमीन गेली. त्याचे पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी प्रामुख्याने बारामती, इंदापूर, फलटणकडे वाहते. ज्याने सोसले तो आणि ज्यास फळ मिळाले तो, हे दोघे एकच असतील असे नाही.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष या दृष्टीने बोलका आहे. प्रौढ व्यक्तीने आधी दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव असलेली बालके मोठ्या खाऊसाठी सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. शब्द मोडल्याचा अनुभव असलेली बालके केवळ ३ मिनिटे थांबली. धीर हा स्वभावगुण असला तरी तो पूर्वानुभवावरही अवलंबून असतो. ज्या घराचा कष्टावरील विश्वास वारंवार डळमळला, त्या घरातील मुलास तत्काळ मिळणारे बक्षीस अधिक खात्रीचे वाटले, तर त्यात केवळ त्याचाच दोष आहे असे म्हणता येत नाही. खेळ किमान दिलेला शब्द लगेच पाळतो, मग ते बक्षीस कितीही पोकळ असो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तत्काळ आणि विलंबित हा भेद गौण आहे. ज्या प्रतीक्षेत माणूस काही शिकतो किंवा काही घडवितो, ती सार्थ होय. जी केवळ विकण्यासाठी लांबविली जाते, ती शोषण होय. विद्यार्थ्यांस हा भेद ओळखावयास शिकविणे हे शिक्षणाचे कार्य आहे. मात्र धीराचा उपदेश करणाऱ्या समाजाने आपला शब्दही पाळला पाहिजे. निकाल वेळेवर लागणे, शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे, पिकास रास्त भाव मिळणे या गोष्टी घडल्या, तर प्रतीक्षेवरील विश्वास पुन्हा रुजेल. तोपर्यंत मोबाईल हिरावून घेतल्याने मुलाच्या हातचा खेळ सुटेल, परंतु त्याच्या अंगी धीर येणार नाही.