बाळ कोणाच्या कडेवर?

सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंचे ‘मदर्स अँड अदर्स’ हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात विमानप्रवासाने होते. शेकडो अनोळखी माणसे अरुंद जागेत तासन्‌तास बसतात, कोपर लागले तर हसून सोडून देतात, मागच्या रांगेतले मूल रडले तरी सोसतात. याच विमानात माणसांऐवजी चिंपँझी भरले असते तर? उतरताना हातापायांची बोटे शाबूत राहिली आणि तान्हे मूल जिवंत राहिले तरी नशीब, असे हर्डीबाईंचे अनुमान आहे.

दिव्यात राहणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या वाचकाला हे पटवून घेण्यासाठी विमानात बसायची गरज नाही. सकाळच्या लोकलचा महिलांचा डबा पुरेसा आहे. विमानात निदान प्रत्येकाला खुर्ची असते. इथे एका पायावर उभी असलेली बाई अनोळखी बाईच्या कडेवरचे मूल घेते, डबा सांभाळते, चक्कर आलेलीला वारा घालते. अर्थात २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या रखडल्यावर याच स्थानकात दगडफेकही झाली होती, हे विसरून चालणार नाही. हर्डीबाईंचे विमान वेळेवर सुटलेले असते.

पण हे पुस्तक आम्ही पुन्हा उघडले ते गर्दीसाठी नव्हे. आम्ही शिकवतो त्या दिव्यातल्या शाळेत पालकसभा झाली. दुसरीतल्या एका मुलाबरोबर शेजारच्या काकू आल्या होत्या. त्याची आई पहाटेच्या गाडीने मुंबईला कामाला जाते, वडील रात्रपाळी करून आलेले. सभेनंतर शिक्षकांच्या खोलीत एक बाई म्हणाल्या, “आईला मुलापेक्षा नोकरी मोठी झाली.” एका गुरुजींनी त्याला शास्त्राचा आधार दिला. पिल्लू आईपाशीच वाढते, हा निसर्गाचा नियम आहे, असे ते म्हणाले. आम्ही तेव्हा गप्प बसलो. या पुस्तकाने जे उत्तर दिले असते ते इथे तपासून पाहायचे आहे.

आधी नियमाचे पाहू. गुरुजींचे म्हणणे चिंपँझी आणि ओरांगउटान यांच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. या कपींची आई पहिले काही महिने पिल्लू दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. मात्र तिला पुढचे पिल्लू व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, ओरांगउटानला त्याहूनही अधिक. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी टोळ्यांत हे अंतर तीन-चार वर्षांचे असते. म्हणजे पहिले मूल स्वतःचे अन्न मिळवू लागण्याच्या कितीतरी आधी दुसरे येते. मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत त्याला सुमारे १ कोटी ३० लाख कॅलरी लागतात, असा अंदाज हर्डीबाई देतात. एकट्या आईला, आणि कधी शिकार मिळणाऱ्या, कधी न मिळणाऱ्या बापालाही, हा हिशेब जमणारा नाही. तेव्हा आजी, मावशी, थोरली भावंडे आणि शेजारीपाजारी हे मानवाच्या पूर्वजांत मूल वाढवण्याच्या व्यवस्थेचाच भाग असले पाहिजेत, हा पुस्तकाचा गाभा. अशा सांभाळणाऱ्यांना आपण सहपालक म्हणू.

याला आधार काय? काँगोच्या इतुरी जंगलातील एफे लोकांत तान्हे मूल जन्मापासून अनेक हातांत फिरते. चौथ्या महिन्यात ते निम्म्याहून अधिक वेळ आईखेरीज इतरांकडे असते. गांबियातील मांडिंका खेड्यांत १९५० ते १९७४ या काळात जमवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी रिबेका सिअर व रूथ मेस यांनी तपासल्या. आईचे दूध सुटण्याच्या धोक्याच्या वयात आईची आई किंवा थोरली बहीण हयात असली, तर मूल जगण्याची शक्यता स्पष्टपणे वाढत होती. वडील असण्या-नसण्याने तिथे फारसा फरक पडला नाही. (बाप मंडळींनी खट्टू होऊ नये. दुसऱ्या काही समाजांत फरक पडलेला दिसतो, आणि हर्डीबाईंनीही २०२४ साली ‘फादर टाइम’ हे पुस्तक खास पुरुष आणि बाळे यांवर लिहिले आहे.)

मग ‘फक्त आई’ ही कल्पना आली कोठून? तिला शास्त्रीय वजन दिले ते जॉन बोल्बी यांनी. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी लिहिलेला अहवाल अनाथालयांतल्या आणि आईपासून तुटलेल्या मुलांविषयी होता. त्याचे उपकार मोठे आहेत. रुग्णालयातल्या मुलांना आईवडिलांना भेटू दिले पाहिजे, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा भांडून मिळवावी लागली. पण आदिम आईचे चित्र रंगवताना त्यांच्यासमोर प्रामुख्याने कपी, माकडे आणि कालाहारीतले कुंग लोक होते, म्हणजे जिथे आई मुलाला सर्वाधिक वेळ बाळगते अशी उदाहरणे. हर्डीबाईंचा हा आक्षेप आम्हाला पूर्ण पटतो.

‘निसर्गाचा नियम’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आठवण, आणि ती आपल्या शेजारची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस धारवाडजवळच्या जंगलात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने वानरांच्या टोळ्या पाहिल्या. नवा नर जुन्याला हुसकून टोळी ताब्यात घेतो आणि तान्ही पिल्ले मारून टाकतो, अशी नोंद त्यांनी केली. हर्डीबाईंनी १९७०च्या दशकात अबूच्या पहाडावर हीच गोष्ट अभ्यासली. पिल्लू गेलेली मादी लवकर पुन्हा माजावर येते व नव्या नराला स्वतःची संतती मिळते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. गर्दीमुळे आलेली ही विकृती आहे, असे म्हणणाऱ्यांशी त्यांचा वाद कित्येक वर्षे चालला. त्याच टोळ्यांत वानरीण आपले पिल्लू इतर माद्यांच्या हाती खुशाल देते, हेही त्यांनी पाहिले. निसर्गात दोन्ही आहे. त्यातले आपल्याला सोयीचे तेवढे उचलून एखाद्या बाईच्या माथी मारणे, याला शास्त्र म्हणता येणार नाही.

इथवर पुस्तक भक्कम आहे. त्यापुढची पायरी मात्र डगमगते. अनेकांच्या हाती वाढणाऱ्या बाळाला अनेकांची मने ओळखावी लागली, कोण मायेने घेईल आणि कोण नाही हे चेहऱ्यावरून वाचावे लागले. त्यातूनच दुसऱ्याचे मन जाणण्याची मानवी शक्ती वाढली, मोठा मेंदू आणि भाषा नंतर आली, असे हर्डीबाई मांडतात. कल्पना देखणी आहे. पण दगडी हत्यारे मातीत उरतात, बाळ कोणी खेळवले ते उरत नाही. म्हणून त्या दक्षिण अमेरिकेतील मार्मोसेट या चिमुकल्या माकडांकडे वळतात. ती सामुदायिकपणे पिल्ले वाढवतात, आणि २००७ सालच्या एका प्रयोगात स्वतःला काही मिळणार नसतानाही दुसऱ्याला अन्न मिळवून देताना दिसली. परंतु चिंपँझीही प्रयोगाची मांडणी बदलली की मदत करतात, हे गेल्या वीस वर्षांत दिसून आले आहे. विमानातल्या प्रसंगात दाखवली तेवढी मोठी दरी मग राहत नाही. शेवटी तर त्या अशी भीती व्यक्त करतात की, मुले अशी अनेकांच्या मायेत वाढली नाहीत तर पुढच्या वंशजांतून सहानुभूतीच विरून जाईल. नैसर्गिक निवडीला त्यासाठी किती पिढ्या आणि संततीत किती फरक लागेल, हे पाहता हे विधान इशारा म्हणून ठीक, अनुमान म्हणून कच्चे.

आपल्या वाचकांनी हे पुस्तक इरावती कर्वे यांच्या १९५३ सालच्या भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथाशेजारी ठेवून वाचावे. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. दक्षिणेत ती बहुधा आधीच नात्यात असलेल्या घरी जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर, म्हणून इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते. लग्नानंतर बाई सासरी राहते एवढ्यावरून तिला माहेरचा आधार नाही असे ठरत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत म्हणजे, गांबियातल्या नोंदींत जी आजी दिसली, तिलाच नेमक्या वेळी बाळाजवळ आणणे.

दिव्यात ही आजी तुटलेली असते. साबे, दातिवली, आगासन इथल्या जुन्या आगरी घरांत ती अजून पडवीत सापडेल. चाळींतून राहणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांची आजी मात्र रत्नागिरी-सावंतवाडीकडे असते आणि पॅसेंजर गाडीने सुटीपुरती येते. तिची जागा शेजारच्या काकू भरतात. त्या सभेला आल्या, त्यांना मुलाला कोणते पाढे येतात हे ठाऊक होते. आमच्या खोलीत ही गोष्ट उणीव म्हणून मोजली गेली.

याचा अर्थ कोणीही सांभाळले तरी चालते, असा नाही. इस्राएलच्या किबुत्झ वस्त्यांत मुले रात्री आईवडिलांपासून दूर सामूहिक घरात झोपत. त्यांच्यात आईशी सुरक्षित नाते जुळलेल्या मुलांचे प्रमाण घरी झोपणाऱ्या मुलांपेक्षा कमी आढळले, आणि ती पद्धत पुढे बंद पडली. सहपालक ओळखीचा, टिकणारा आणि मायेचा हवा. दर महिन्याला बदलणारी बाई किंवा एका खोलीत कोंबलेली पंचवीस मुले यांना हर्डीबाईंचा आधार घेता येणार नाही.

पुस्तकात आम्हाला सर्वांत खटकले ते वेगळेच. ‘थोरली बहीण’ हा त्यात मदतीचा एक स्रोत आहे. हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलेल्या आप्तनिवडीच्या गणिताप्रमाणे सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुके समान, म्हणून बहिणीने भावंड सांभाळणे फायद्याचे. फायदा जनुकांचा आणि बाळाचा. कडेवर बाळ घेऊन उभ्या असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे काय, हा प्रश्न या गणितात येत नाही.

तो प्रश्न आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात फार पूर्वी विचारला गेला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असे देऊन त्या थांबल्या नाहीत. मोठी मुले धाकट्यांना सांभाळत होती, गुरे राखत होती. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. ताईने भावंडाला घेऊनच यावे, त्याला पाळण्यात ठेवावे आणि आपल्या वर्गात बसावे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाईंनी सहपालकाला नुसते मोजले नाही, तिच्या कडेवरचे ओझे काही तास उतरवून घेतले. आमच्या मते मानवी बाल्याच्या अभ्यासात या प्रयोगाचे स्थान हर्डीबाईंच्या सिद्धांताइतकेच आहे. आपल्याकडे तो फक्त समाजसेवेच्या धड्यात येतो.

त्या दुसरीतल्या मुलाची बहीण आमच्याच शाळेत पाचवीत आहे. काकूंना दर मंगळवारी दुसरीकडे काम असते. पुस्तक मिटल्यावर आम्ही पाचवीचा हजेरीपट काढून पाहिला. जून ते ऑगस्टमधल्या बहुतेक मंगळवारी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होती. पालकसभेत तिच्याबद्दल कोणी काही विचारले नव्हते. आम्हीही नाही.